आहार बदलण्याचा हक्क कुणाला?

तिरुनागेश्वरम् हे कुंभकोणमपासून सहा-सात किलोमीटरवरचं गाव. इथं दोन मोठी देवळं आहेत. नागनाथस्वामीच्या देवळात राहूच्या मूर्तीवर राहुकाळात दुधाचा अभिषेक होतो. मूर्तीवरून ओघळताना ते दूध निळं होतं, अशी श्रद्धा आहे, आणि ते बघायला लांबलांबून लोक येतात. दुसरं देऊळ ओप्पिलियप्पन पेरुमाळचं. तिथला नैवेद्य बिनमिठाचा असतो. कथा अशी की, मार्कंडेय ऋषींनी आपली मुलगी विष्णूला द्यायला नकार दिला. पोर लहान आहे, जेवणात मीठ किती घालायचं तेही तिला कळत नाही, असं ते म्हणाले. त्यावर विष्णू म्हणाला, मग मी अळणी जेवेन.

म्हणजे परिस्थिती बघून देवानं आपलं जेवण बदललं. त्याला कुणी भ्रष्ट म्हटलं नाही.

मी इथं कावेरीच्या खोऱ्यातल्या शेतमजुरांवरच्या संशोधनासाठी राहत होते आणि इथंच मी माझा व्हीगन आहार सोडला. अडीच वर्षं मी मांस, मासे, अंडी तर नाहीच, पण दूध, दही, तूप, मधही खाल्लं नव्हतं. तब्येतीनं हात टेकले म्हणून सोडलं. त्यानंतर जे ऐकून घ्यावं लागलं, त्यामुळे हा लेख लिहिते आहे.

आधी माझी बाजू सरळ सांगते. मी व्हीगन झाले ती पीएचडीच्या पहिल्या वर्षी. दुधाच्या धंद्यात वासरांचं काय होतं हे एका माहितीपटात पाहिलं आणि रात्रभर झोप आली नाही. ती कणव खरी होती, आजही खरी आहे. पण त्या निर्णयात आणखी काहीतरी मिसळलेलं होतं, ते कबूल करायला मला वेळ लागला. ज्या मेसमध्ये आमची ताटं नजरेनंच वेगळी केली जायची, तिथं मी एका झटक्यात सगळ्यांच्या वर जाऊन बसले. शाकाहारी मुली दूध पीत होत्या, मी तेही पीत नव्हते. एक मैत्रीण कौतुकानं म्हणाली, "तुझ्याकडं बघून वाटत नाही गं." काय वाटत नाही, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला बरं वाटलं होतं. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ च्या कूर्गवरच्या पुस्तकात मांडलेल्या संस्कृतीकरणावर मी परीक्षेत पानं भरून उत्तर लिहिलं होतं. तेच माझ्या ताटात आलं तेव्हा मला ओळखता आलं नाही.

आईला फोनवर सांगितलं, मी दूध सोडलं. ती म्हणाली, "आपल्याकडं दूध कधी होतं गं पोरी, सोडायला?"

मग बोटांना मुंग्या यायला लागल्या. पायऱ्या चढताना धाप लागायची. वाचलेलं पान दुसऱ्यांदा वाचावं लागायचं. मुलाखतीत बाई बोलत असायची आणि मला आधीचा प्रश्न आठवत नसायचा. मला वाटलं, उन्हाचा त्रास आहे. रक्त तपासलं तेव्हा बी-१२ अगदी तळाला गेलेलं आणि हिमोग्लोबिनही कमी. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि सांगितलं, अंडी आणि दूध सुरू कर, जमलं तर मासे आणि काळीज खा.

इथं विज्ञानाशी प्रामाणिक राहू या. बी-१२ हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि आपल्याला ते मिळतं प्राण्यांपासून आलेल्या अन्नातून. भाजीपाला, डाळी, धान्यं यांत ते भरवशानं मिळत नाही. यकृतात त्याचा साठा असतो, म्हणून कमतरता लगेच कळत नाही आणि कळते तेव्हा मज्जातंतूंवर परिणाम सुरू झालेला असतो. व्हीगन माणसानं बी-१२ ची गोळी नियमित घेतली, लोह आणि प्रथिनांची नीट आखणी केली, तर तो ठणठणीत राहू शकतो. मी गोळी घेतली नाही. मला कुणी सांगितलं नाही आणि मीही शोधलं नाही. टोफू, बदामाचं दूध, सुकामेवा ही आखणी महिनोन्‌महिने रखडणाऱ्या फेलोशिपवर होत नाही. माझं व्हीगन जेवण म्हणजे भात, रसम आणि केळं होतं.

पण ही कमतरता फक्त माझ्यासारख्यांची नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातले ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले होते. ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होतं. म्हणजे ज्या ताटाचा आदर्श आपल्यापुढं ठेवला जातो, ते ताट स्वतःच अशक्त आहे. फरक इतकाच की त्या घरांना तपासणी, इंजेक्शनं आणि गोळ्या परवडतात.

आणि डॉक्टरांची ती यादी पुन्हा वाचा. काळीज. १९३४ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं ते काळीज खायला देऊन एका जीवघेण्या रक्तक्षयावर उपचार करता येतात हे दाखवणाऱ्या तिघा डॉक्टरांना. पुढं १९४८ मध्ये काळजातूनच बी-१२ वेगळं काढलं गेलं. माझी आजी बाजारच्या दिवशी काळीज, वजडी, सुकट आणायची. शाळेतून आल्यावर वास कपड्यांना लागेल म्हणून मी घराबाहेर बसायचे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली, ती २०१५ मध्ये. तोवर मराठीत पाककृतींची कितीतरी पुस्तकं निघाली होती आणि आपली चूल त्यात नव्हती. इथून चाळीसेक किलोमीटरवर तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजी राजांच्या मुदपाकखान्यातलं मराठी 'शरभेंद्र पाकशास्त्र' जपून ठेवलं आहे. त्यात मांसाचेही पदार्थ आहेत. राजाच्या ताटातलं मांस हा वारसा होतो, आजीच्या पातेल्यातलं मांस हा वास होतो.

मी अंडं खाल्लं ते रस्त्यावरच्या गाड्यावर. खोली 'फक्त शाकाहारींसाठी' या अटीवर मिळाली होती, त्यामुळे तिथं अंडं उकडायची सोय नव्हती. घरमालकीणबाई मायाळू होत्या. मी आजारी आहे कळल्यावर रोज ताक आणून द्यायच्या. पण अंड्याचं टरफल त्यांच्या कचऱ्यात पडलं असतं तर मला खोली सोडावी लागली असती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

व्हीगन मित्रमैत्रिणींना सांगितलं तेव्हा उत्तर आलं, "तू नीट केलंच नाहीस. मनापासून नव्हतंच तुझं." आपल्या चळवळीतल्या काही मित्रांना सांगितलं तर ते हसले. "आलीस ना जागेवर? ब्राह्मणी नाद होता तो." दोघांची भाषा वेगळी असली तरी दोघंही माझ्या ताटावरून माझी लायकी ठरवत होते. माझ्या रक्ताचा अहवाल दोघांनीही मागितला नाही.

आता एका प्रसिद्ध माणसाची गोष्ट. गांधींनी १९१२ मध्ये टॉल्स्टॉय फार्मवर दूध सोडलं. 'व्हीगन' हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली जन्माला आला, म्हणजे गांधी शब्दाच्या आधीचे व्हीगन. १९१८ मध्ये खेड्यात सैन्यभरतीसाठी फिरताना त्यांना आमांश झाला आणि ते मरणाच्या दारात पोहोचले. त्यानंतर मुंबईत डॉ. दलाल यांनी सांगितलं, दूध घेतल्याशिवाय तब्येत भरून येणार नाही. गांधी म्हणाले, व्रत आहे. गाई-म्हशींचे हाल ऐकून त्यांनी ते घेतलं होतं. शेजारी उभ्या कस्तुरबांनी विचारलं, मग शेळीच्या दुधाला काय हरकत? गांधी शेळीचं दूध प्यायले आणि उठले. व्रताची अक्षरं पाळली, आत्मा मोडला, हे त्यांनी आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवलं. १९३१ मध्ये लंडनच्या शाकाहारी मंडळींपुढंही त्यांनी या दुधाची खंत बोलून दाखवली.

मला त्या शेळीच्या दुधाबद्दल तक्रार नाही. माणूस जगला पाहिजे, व्रत नंतर. माझा प्रश्न पुढचा आहे. गांधींनी आजारपणात आहार बदलला तेव्हा तो सत्याचा प्रयोग ठरला. त्यावर पुस्तकातलं एक प्रकरण झालं. मी बदलला तेव्हा ते 'जागेवर येणं' ठरलं. महात्म्याचं शरीर माणसाचं शरीर असतं, त्याला अपवाद मिळतो. आपलं शरीर आधी जातीचं असतं, म्हणून त्यानं काय खाल्लं याचा अर्थ आधीच ठरलेला असतो.

गांधींच्या नावानं अंड्याला विरोध करणाऱ्यांनी आणखी एक वाचावं. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहिलं. ज्याला दूध चालतं त्याला निर्जीव अंडं चालायला हरकत नसावी, असं त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलं आहे.

खरी लढाई इथं आहे, अंड्यापाशी. तमिळनाडूत शाळेच्या जेवणात अंडं आलं १९८९ मध्ये, पंधरवड्याला एक. २०१० पासून आठवड्याला पाच आहेत. इथं द्रविड चळवळीनं शाळेचं ताट हा राजकारणाचा विषय केला. फार गोड चित्र रंगवायचं नाही. याच खोऱ्यात, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणीत, मजुरीचं भात थोडं वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांची ४४ माणसं २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री जाळून मारली गेली. पण त्याच मजुरांची नातवंडं आज शाळेत अंडं सोलतात, आणि ते उपकार म्हणून नाही.

आणि आपला महाराष्ट्र? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आणि पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं शाळेत आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. कुणावर सक्ती नव्हती. तरी विरोध झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचे सरकारी पैसे बंद झाले. हवं तर लोकवर्गणी काढा, असं सांगण्यात आलं. त्याआधी मार्च २०१५ पासून राज्यात बैलाचं मांसही बंद झालेलं. गरिबाच्या ताटातलं स्वस्त मांस आधी गेलं, मग पोराचं अंडं गेलं. याला करुणा म्हणायचं असेल, तर ती नेमकी कुणाच्या भुकेवर उभी आहे तेही सांगा.

काही जण म्हणतील, मग मांस खाणं हीच आपली अस्मिता. मला तेही पटत नाही. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं आणि लोकांनी ते सोडलं. तोही आहार बदलणंच होतं. जे जातीनं ताटात टाकलं होतं, ते स्वाभिमानानं बाहेर काढलं. पुढं १९४८ मध्ये त्याच बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' लिहून गोमांस आणि अस्पृश्यता यांचा इतिहास उलगडला. सोडायचं काय आणि खायचं काय, हे आपण ठरवू, आपल्या शरीराला आणि विवेकाला विचारून. आपली परंपरा ही आहे. ज्या आंबेडकरी मुलामुलींना आजही व्हीगन राहायचं आहे त्यांनी जरूर राहावं, पण बी-१२ ची गोळी घेऊन, आणि शेजाऱ्याच्या ताटात न डोकावता.

तुमच्यापैकी अनेक जण घरातले पहिले पदवीधर आहात. हॉस्टेलमध्ये, ऑफिसात, भाड्याच्या खोलीत तुम्हीही डबा उघडताना आजूबाजूला बघितलं असेल. दोन कामं करा. हातापायांना मुंग्या येत असतील, कायम थकवा असेल, तर रक्त तपासून घ्या, लाजू नका. आणि गावाकडच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची पुढची बैठक कधी आहे ते विचारा. कायद्यानं त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. तिथं उभं राहून अंड्याचा ठराव मांडा. लोकवर्गणीतून नको, सरकारी पैशातून हवं, असा ठराव.

इथल्या देवाला अळणी जेवायची मुभा आहे. महात्म्याला शेळीच्या दुधाची होती. आपल्या पोरांना आठवड्याला एक उकडलेलं अंडं हवं आहे.

जय भीम.