नव्या औषधाचा जुलाब निराळा असतो

वस्तीत कुणाला जुलाब लागले की आपण काय करतो? मेडिकलवरून बंद करणारी गोळी आणतो, वर मीठ-साखरेचे पाणी देतो. एरवी हे चालून जाते. पण घरातला माणूस कर्करोगाच्या नव्या औषधावर असेल, तर अशा उपायांत गेलेले दोन दिवस जिवावर बेतू शकतात. आम्ही डॉक्टर नाही, कारकुनी करणारे लोक. रुग्णांबरोबर फाईल धरून रांगेत बसता बसता, जाणत्यांना विचारून जे समजले ते इथे मांडतो.

आपल्या आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाडाभरातून माणसे येतात. तंबाखू-गुटख्याने तोंड नासलेले कष्टकरी त्यांत पुष्कळ. जुन्या केमोने केस जातात, उलट्या होतात, हे आता घरोघरी ठाऊक आहे. निवोलुमॅबसारख्या इम्युनोथेरपीचे तसे नाही. कर्करोग शरीरातल्या रक्षक पेशींना ब्रेक लावून ठेवतो. हे औषध तो ब्रेक सोडते. या शोधाला २०१८ साली नोबेल मिळाले. मात्र ब्रेक सुटलेल्या पेशी कधीकधी आपल्याच आतड्यावर, फुफ्फुसावर, यकृतावर, थायरॉईडवर धावून जातात. म्हणजे तो जुलाब शिळ्या अन्नाचा नसून आतड्याच्या सुजेचा असू शकतो. त्याला बहुधा स्टिरॉइड लागते, तेही वेळेत आणि कर्करोगाच्या डॉक्टरांच्या नजरेखाली. नवा खोकला, धाप, डोळ्यांत पिवळेपणा, कमालीचा थकवा, यांचेही तेच. हा त्रास शेवटच्या सलाईननंतर काही महिन्यांनीही उद्भवतो. तोवर फाईल पत्र्याच्या पेटीत गेलेली असते आणि गल्लीतल्या डॉक्टरला कुणी काही सांगत नाही.

म्हणून औषधालाच भ्यावे असे नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०२२ साली डोके-मानेच्या बळावलेल्या कर्करोगावरील अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या स्वस्त गोळ्यांना निवोलुमॅबच्या अवघ्या २० मिलिग्रॅमची जोड दिल्यावर वर्षभर जगणारे शंभरात १६ होते ते ४३ झाले. पूर्ण डोस न परवडणाऱ्यांसाठी ही मोठीच गोष्ट. पण डोस लहान म्हणून लक्ष ठेवायचे नाही, असे होत नाही.

स्तनाच्या कर्करोगावरचे ट्रास्टुझुमॅब हृदय अशक्त करू शकते, म्हणून साधारण तीन महिन्यांनी इको काढायला सांगतात. आमच्या भगिनी गाडीभाड्याचा आणि बुडणाऱ्या रोजाचा हिशेब करून नेमका तोच चुकवतात! फुफ्फुसाच्या कर्करोगावरच्या अर्लोटिनिब, जेफिटिनिब या गोळ्यांबरोबर मनाने अॅसिडिटीची गोळी घेतली, तर मूळ औषध अंगी नीट लागत नाही. झाडपाल्याचे औषध चालू असेल तर तेही लपवू नये. डॉक्टर रागावले तर रागावू द्यावे.

औषधाचे नाव आणि शेवटच्या सलाईनची तारीख एका चिठ्ठीवर लिहून रुग्णाच्या खिशात ठेवावी. कुठल्याही दवाखान्यात ती आधी दाखवावी. त्रास झाला तर स्वतःहून गोळी बंद करू नये, दुप्पटही करू नये, कर्करोग रुग्णालय गाठावे.

आणखी एक. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्णाला किंवा घरच्यांनाही करता येते. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाचा १८००-१८०-३०२४ हा फोन मोफत आहे. तिथे उपचार मिळत नाहीत, नोंद होते; अशा नोंदींवरूनच औषधाच्या वेष्टनात नव्या सूचना येतात. ते औषधाचे नाव आणि बॅच नंबर विचारतात, तेव्हा रिकामे खोके फेकू नये.