रेघ कोण ओढतो?

खामगाव म्हटलं की लोकांना कापूस आठवतो, चांदी आठवते. लोकसभेचा मतदारसंघ कुणाला आठवत नाही. पण तो होता. आणि राखीव होता.

हिशेब मांडू. १९५२ ला बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता. बुलढाणा-अकोला हा दोन खासदारांचा मतदारसंघ, त्यातली एक जागा राखीव. १९६१ च्या कायद्यानं असे जोडमतदारसंघ मोडले. १९६२ ला खामगाव राखीव झालं. तिथून लक्ष्मणराव भटकर गेले, मग १९६७ आणि १९७१ ला अर्जुन कस्तुरे. तिन्ही वेळा काँग्रेस. १९७७ ला खामगावचं नाव यादीतून गेलं आणि राखीव शिक्का बुलढाण्यावर बसला.

१९६२ ते २००४, निवडणुका बारा. काँग्रेस सात, शिवसेना तीन, भाजप एक. आणि रिपब्लिकन? एक. १९७७ ला खोब्रागडे गटाचे दौलत गवई. बारांत एक!

आपली माणसं झोपली होती म्हणून नाही. राखीव जागेवर उमेदवार आपल्या जातीचा, पण मतपेटी सगळ्या गावाची. गावाला चालेल तोच निवडून येणार. ही १९३२ च्या पुणे कराराची देणगी. स्वतंत्र मतदारसंघ बाबासाहेबांनी मिळवला होता, गांधींच्या उपोषणापुढे सोडावा लागला. जागा वाढल्या, चावी गेली. खुद्द बाबासाहेब १९५२ ला मुंबईत आणि १९५४ ला भंडाऱ्यात राखीव जागेवर पडले. आणखी पुरावा कशाला?

मग २००८ आलं. कुलदीप सिंग आयोगानं नकाशा पुन्हा आखला. बुलढाणा खुला झाला. मलकापूर उचलून रावेरला जोडलं. खामगाव, जळगाव जामोद, चिखली, मेहकर, सिंदखेड राजा आणि बुलढाणा एका मतदारसंघात राहिले. अठ्ठेचाळीसपैकी पाच जागा अनुसूचित जातींच्या: अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर. बुलढाण्याचे मुकुल वासनिक रामटेकला गेले, आनंदराव अडसूळ अमरावतीला. दोघंही २००९ ला निवडून आले. पुढाऱ्यांना दुसरा मतदारसंघ मिळाला. वस्ती उचलून कुठं नेणार? ती आहे तिथंच आहे.

कायदा म्हणतो, अनुसूचित जातींच्या जागा राज्यभर विखरून द्या, आणि जमेल तिथवर लोकसंख्येचं प्रमाण जास्त आहे तिथं द्या. हे ‘जमेल तिथवर’ कोण ठरवतो? आयोग. त्याच्या सोबतीला प्रत्येक राज्यातले पाच खासदार, पाच आमदार. त्यांना मत नसतं, पण तोंड असतं. आणि एकदा आदेश निघाला की कोर्टात आव्हान देणं फार अवघड. म्हणजे बोलायचं ते आदेशाआधीच. मसुदा छापला जातो, हरकती मागवतात, जाहीर सुनावणी होते. तिथं आपण किती जण जातो?

आपण मोर्चाला जातो, जयंतीला जातो, सुनावणीला जात नाही. घोषणा द्यायला शिकलो, नकाशा वाचायला नाही. रेघ पेन्सिलीनं ओढतात, पण तिच्यात आपली वस्ती दोन तुकड्यांत कापली गेली तर तीस वर्षं भोगावं लागतं.

पुढची फेररचना येणारच. तोवर प्रत्येक शाखेनं आपल्या तालुक्याचा नकाशा भिंतीवर लावावा, जनगणनेचे आकडे गावनिहाय लिहून काढावेत. रेघ ओढणाऱ्याच्या समोर आकडे घेऊन उभं राहायचं. हात जोडून नाही.