"सीपीआरला न्या" म्हणण्याआधी

वृद्धाश्रमातून रात्री फोन येतो तो पाळीवरच्या मावशींचा. "आज्जी सकाळपासनं नीट बोलंनात, जेवंनात," एवढंच त्या सांगतात आणि आपण डॉक्टर "सीपीआरला न्या", म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात न्या, म्हणून मोकळे होतो. पंच्याऐंशीच्या बाईला ताप न येता मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, छातीत न दुखता हार्ट अटॅक येतो, आणि दोन्हींची पहिली खूण 'बोलंनात' हीच असू शकते. हे ठाऊक असूनही आपण आणखी दोन प्रश्न विचारत नाही.

कायद्याचं कारण पुढे केलं जातं. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत तातडीच्या वेळी फोनवरचा सल्ला टाळा असं म्हटलंय खरं, पण प्रत्यक्ष उपचार हाताशी असतील तेव्हा. नसतील तर प्रथमोपचार, जीव वाचवण्याचे उपाय आणि कुठे हलवायचं हे सांगता येतं. मात्र लवकरात लवकर प्रत्यक्ष दाखवायला सांगायलाच हवं. आश्रमाला याहून जास्त काही नकोच असतं. जुलै 2021 च्या पुरात महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली होता, तेव्हा पलीकडच्या गावांना फोनशिवाय दुसरं काय होतं?

मेलबर्नमध्ये ऑक्टोबर 2020 पासून चालणाऱ्या आभासी आपत्कालीन विभागाला वृद्धनिवासांतून थेट व्हिडिओ कॉल लावता येतो. तिथे बहुधा प्रशिक्षित नर्स बाजूला असते, आपल्याकडे मावशी. म्हणून ॲप कुठलं घ्यायचं ही चर्चा मला बिनकामाची वाटते. मावशींना बीपी, ऑक्सिजन आणि साखर मोजता यायला हवी, आणि फाईलच्या पहिल्या पानावर चालू औषधं हवीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती लाल शाईत. कारण अशी व्यक्ती डोक्यावर पडली तर वरून ठणठणीत दिसली तरी तिला हलवायचंच. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर फोनवर चर्चा नकोच. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साडेचार तासांची मुदत असते. चंदगडहून कोल्हापूर गाठण्यातच त्यातला मोठा वाटा जातो. थेट 108.

त्याच मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्मृतिभ्रंश झालेल्या रहिवाशाच्या वतीने काळजीवाहकाला डॉक्टरांशी बोलता येतं. शाबूत बुद्धीच्या आजोबांकडून मात्र तसा अधिकार आधी लिहून घ्यावा लागतो. तो कागद प्रवेशाच्या दिवशीच व्हावा. पुण्यातला मुलगा रात्री दोनला फोन उचलेलच असं नाही.

राहिला पैशांचा प्रश्न, जो आपल्या बैठकांत कुणी काढत नाही. रात्रीचे फोन सेवाभावाने घेतले जातात आणि हळूहळू घेतले जाईनासे होतात. आश्रमाने डॉक्टरांशी महिन्याच्या ठरावीक मानधनाचा लेखी करार करावा. डॉक्टर गावाला गेले तर फोन कोण घेणार, तेही त्यातच लिहावं. असा करार ज्यांनी केला असेल त्यांनी मसुदा आमच्याकडे पाठवावा, नावं वगळून छापू.