रिमचा पन्हा किनारीसकट मोजू नका

कापडाच्या धंद्यात पहिला प्रश्न पन्ह्याचा. चव्वेचाळीस की अठ्ठावन? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, किनारीसकट की किनार सोडून? ज्याने हा दुसरा प्रश्न विचारला नाही तो शिंप्याकडे गेल्यावर पस्तावतो. माझी सारी उमर हाच हिसाब करण्यात गेली. तरीही गेल्या वर्षी जुन्या गाडीची चाके घेताना मी नेमका हाच प्रश्न विसरलो. वाचकांचे पैसे वाचावेत म्हणून ही हकीकत लिहितो.

आमच्या घरी वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे. ही गाडी बनायची बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली. चांगल्या मूळ रिमा आता शोधाव्या लागतात, म्हणून शौकीन मंडळी दुसऱ्या गाड्यांच्या रिमा बसवतात. मीही जुन्या बाजारातून चार अलॉय रिमा घेतल्या. दुकानदार म्हणाला, "सहा इंची आहेत." मी खिशातला टेप काढला, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत लावला. बरोबर सहा! सौदा झाला. त्याच भरवशावर 195/60 मापाचे चार नवे टायरही घेतले.

टायर चढवणाऱ्या मिस्त्रीने रिम उलटी केली, मागचा आकडा वाचला आणि हात थांबवला. तिथे 5J×14 कोरले होते. "शेठ, टायर सहाचा, रिम पाचची. मी नाही चढवणार." ते टायर परत देताना मला नुकसान सोसावे लागले. पण त्या मिस्त्रीचे मी आजही आभार मानतो.

चूक टेपची नव्हती, तो लावण्याच्या जागेची होती. रिमची रुंदी बाहेरून मोजत नाहीत. टायरचा तारेचा काठ, ज्याला मिस्त्री बीड म्हणतात, तो रिमच्या दोन उभ्या कडांच्या आत बसतो. त्या दोन कडांच्या आतल्या बाजूंमधले अंतर हाच रिमचा खरा पन्हा. बाहेरून मोजले की दोन्हीकडे साधारण अर्धा-अर्धा इंच जास्त भरतो. म्हणून पाचची रिम सहा दिसते आणि सहाची सात. 5J मधला 5 म्हणजे इंचातली आतली रुंदी, J ही त्या कडेच्या घडणीची खूण आणि 14 हा टायर बसतो तिथला व्यास.

टायरवरचा आकडाही रिमचा समजू नये. पद्मिनीच्या जुन्या टायरवर 5.20-14 असे. त्यातला 5.20 हा टायरच्या फुगवट्याचा इंचातला आकडा; त्याला लागणारी रिम त्याहून अरुंद असते. 195 हाही टायरचाच आकडा, मिलीमीटरमधला. अशा 195/60 टायरला कमीत कमी साडेपाचची रिम हवी. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर बाजू आत ओढल्या जातात, टायर मध्येच झिजतो आणि वळणावर गाडी डोलते. उलट फार रुंद रिमवर बाजू ताणल्या जातात, खड्ड्यात रिमची कड मार खाते.

रुंदी जुळली म्हणून काम संपत नाही. चाक हबला जिथे टेकते ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे, त्याला ऑफसेट म्हणतात. ऑफसेट तोच ठेवून साडेचारच्या जागी सहाची रिम लावली तर दीड इंच वाढतो, म्हणजे आत 19 आणि बाहेर 19 मिलीमीटर. ऑफसेट बदलला तर सारी वाढ एकाच बाजूला जाऊ शकते. मग आत स्प्रिंगला घासेल किंवा बाहेर मडगार्डला. चाक फार बाहेर गेले की बेअरिंगवरही ताण वाढतो. म्हणून एक चाक बसवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवावे, मागे चार माणसे बसवून पाहावे, तेव्हाच बाकीच्यांचे पैसे द्यावेत. बोल्टांचा घेरही तपासावा. फियाटच्या कित्येक गाड्यांत तो 98 मिलीमीटरचा असतो. शंभरचे चाक दिसायला बसल्यासारखे वाटते, पण नट तिरका आवळला जातो. दोन मिलीमीटरचा हा फरक जिवावर बेतू शकतो.

जुना माल विकणाऱ्या व्यापारी बांधवांना माझे एकच सांगणे आहे. बिलावर नुसते "अलॉय चार नग" लिहू नका. रिमवर कोरलेला आकडा, ऑफसेट आणि बोल्टांचा घेर, या तीन गोष्टी लिहा. आमच्याकडे थानावर पन्हा लिहिलेला असला की अर्धी भांडणे तिथेच मिटतात. मला रिमा विकणाऱ्याने फसवले असे मी म्हणत नाही. बहुधा त्यानेही माझ्यासारखाच टेप लावला असेल. पण न जाणता दिलेल्या चुकीच्या मापाचेही नुकसान ग्राहकालाच भरावे लागते.

ग्राहकाने मात्र टेप काढण्याआधी रिम उलटी करावी. आकडा मागे लिहिलेला असतो.