देणं आणि पाठवणं

आपल्या मराठीत एक गंमत आहे. मी माझ्या आईवडिलांना पैसे 'देतो' आणि माझी बायको तिच्या आईवडिलांना पैसे 'पाठवते'. मी देतो त्या पैशांना वेगळं नावच नाही, ते घरखर्चात धरलेले असतात. तिच्या पैशांना मात्र खास नाव आहे: 'माहेरी जाणारे पैसे'. जणू टाकीला कुठेतरी बारीक भोक पडलंय आणि पाणी सोलापूरच्या दिशेनं वाहून चाललंय.

(माझी सासुरवाडी सोलापूरची. सासरे एका सूतगिरणीत क्लार्क होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते पन्नाशीत होते. आता पेन्शन आहे, पण ती ईपीएफवाली. त्या योजनेत किमान पेन्शन महिना १००० रुपये हवी, हे ठरायलाच २०१४ साल उजाडलं. सासऱ्यांना त्याहून थोडी जास्त मिळते. थोडी म्हणजे, दोघांच्या गोळ्यासुद्धा त्यात येत नाहीत.)

आता तुम्ही म्हणाल की हे सगळं जुनं झालं, हल्ली कोण असा विचार करतं? मीही तसंच समजत होतो. मग हापिसातल्या जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला. आमच्याकडे एक टीम लीड आहे. क्लायंटला कॉलवर तोंडावर 'नाही' म्हणणारी बाई. पगार माझ्यापेक्षा जास्त. वडिलांना महिना दहा हजार पाठवते, पण त्यासाठी तिनं गावच्या ब्रँचमधलं लग्नाआधीचं खातं तसंच चालू ठेवलंय. बोनस आला की त्यातला काही भाग गुपचूप तिकडे वळवते. नवऱ्याला माहीत आहे, सासूबाईंना नाही. "घरात शांतता राहते," इतकंच म्हणाली आणि डबा बंद केला. दुसरी एक जण भिशी लावते आणि भिशी उचलली की ते पैसे आईला. टेबलावर पाच विवाहित मुली होत्या, त्यातल्या तिघींचं काही ना काही लपवाछपवीचं तंत्र होतं. पुरुष चार. आम्हा चौघांपैकी एकालाही आईवडिलांना पैसे द्यायला तंत्र लागत नाही. आम्ही आपले यूपीआय उघडतो आणि देतो.

हे माझ्या डोक्यात गेलं. स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या आईवडिलांसाठी, आणि तेही चोरून! च्यायला, हा काय प्रकार आहे?

जुन्या हिशोबाला निदान एक तर्क होता, तो आधी मान्य करू. मुलगी म्हणजे परक्याचं धन. तिला वडिलांच्या इस्टेटीत हिस्सा नाही, म्हणून तिच्यावर त्यांची जबाबदारीही नाही. लग्नात जे काय द्यायचं ते दिलं, खातं बंद. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, असं मानणारी माणसं आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत घरोघरी होती. तो हिशोब क्रूर होता, पण दोन्ही बाजू जुळत होत्या. आता काय झालंय? हिश्श्याची बाजू बदलली. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि मग केंद्रानं २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. मुलींच्या शिक्षणाला बापांनी कर्ज काढली. माझ्या सासऱ्यांनी गिरणीच्या पगारात मुलीला इंजिनियर केलं. त्या डिग्रीचा पगार दर महिन्याला माझ्या घरात येतो, माझ्या घराचा हप्ता भरतो, पण त्यातले बारा हजार सोलापूरला गेले की ती 'मदत'!

याच्यापुढे गंमत अशी की कायदा आपल्या घरांच्या बरोबर उलटा आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ चा. त्यात म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर आहे. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे विजया आर्बट यांचा खटला होता. त्या कल्याणच्या डॉक्टर, आणि पोटगी मागणारे त्यांचे वडील. लग्न झालेल्या मुलीकडे बापाला पोटगी मागता येत नाही, हा मुद्दा न्यायालयानं फेटाळला. पुढे २००७ साली ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्यातल्या 'मुलं' या व्याख्येत मुलगा आहे, मुलगी आहे, नातू आणि नात आहेत. सून नाही. जावई नाही. (त्यांनाही आत घेणारं विधेयक २०१९ साली लोकसभेत आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही.) म्हणजे कायद्याच्या पुस्तकात माझ्या बायकोवर जबाबदारी आहे ती तिच्या आईबापांची, माझ्या नव्हे. आणि घरात? माझ्या बाबांच्या औषधांच्या वेळा तिला पाठ आहेत, ते तिचं 'कर्तव्य'. स्वतःच्या वडिलांची औषधं, ती 'माहेरची ओढ'.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं. "पण तिला भाऊ आहे ना?" आहे की. सोलापुरात त्याचं मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, तो आईवडिलांसोबत राहतो, रात्री-बेरात्री दवाखान्यात तोच धावतो. त्याचा वाटा तो हाता-पायांनी देतोच आहे. पण मला या प्रश्नात खटकतं ते वेगळंच. मलाही एक सख्खी बहीण आहे, नाशिकला, चांगल्या नोकरीत. मी आईबाबांना काही दिलं की "पण तुला बहीण आहे ना?" असं मला आजवर एकाही माणसानं विचारलेलं नाही.

आणि दुसरी बाजूही काही कमी नाही हं. पैसे जातात बायकोच्या पगारातून, तिच्या खात्यातून, तिच्या नावानं. फोन मला येतो. "जावईबापू, तुमचे फार उपकार आहेत हो." मी सांगतो, "बाबा, ते तिचे पैसे आहेत, मी काही केलेलं नाही." त्यावर ते म्हणतात, "हो, पण तुम्ही परवानगी दिलीत ना!" नात्यात सांगतात, जावई लाखात एक आहे. मुलगी काय, ती पोटचीच. म्हणजे मी काहीही न करता देवमाणूस झालो, आणि जिनं केलं तिला सासरी टोमणा आणि माहेरी शून्य क्रेडिट. एखाद्याचा कोड दुसऱ्याच्या नावावर चेक-इन झाला तर आपण किती चिडतो!

आता आईबद्दल. आईबाबा आमच्यासोबतच राहतात, त्यामुळे घरखर्चाची एक्सेल शीट सगळ्यांना दिसते. हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, किराणा, पाळणाघर, मावशींचा पगार, आणि त्याच रांगेत 'सोलापूर'. ही ओळ बचतीच्या वर आहे, खाली नाही, कारण उरलं तर देऊ म्हटलं की कधीच उरत नाही. आईनं ती ओळ पाहिली आणि काही बोलली नाही. चार दिवसांनी भाजी निवडताना म्हणाली, "बरंय बाबा, हल्ली सगळं उघड उघड चालतं."

यातला टोमणा मला लगेच कळला. त्याखालचं दुखणं कळायला थोडा वेळ लागला. आई शाळेत शिक्षिका होती. पगाराचं पाकीट न उघडता आजीच्या हातात द्यायची, त्यातले रिक्षा-बसचे पैसे मागून घ्यायची. तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९९२ साली झालं. आईनं शिकवण्यांचे पैसे साठवून तीनशे रुपयांची मनीऑर्डर केली. मनीऑर्डरची पोच तेव्हा पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर परत यायची. ती घरी येऊ नये म्हणून तिनं पत्ता शाळेचा घातला. शिपायानं ती पोच वर्गात आणून दिली, तेव्हा मुलांसमोर तिला रडू आलं होतं. पुढे काही वर्षांनी मामांनी हक्कसोडपत्राचा कागद आणला. माहेरचा दरवाजा उघडा राहावा म्हणून तिनं सही केली. साडी मिळाली. (साडी चांगली होती, असं ती अजून सांगते.)

ज्या बाईनं ही किंमत पूर्ण भरली आहे, तिला सुनेची एक्सेल शीट बघून काय वाटत असेल? आपण अशा वेळी 'सासू' हा शब्द उच्चारून मोकळे होतो, मालिकांनी आपलं काम सोपं करून ठेवलंय. पण आईची तक्रार सुनेबद्दल नाहीच. नियम होता म्हणून तिनं पाळला, आणि तो नियम फालतू होता हे आता तिला आम्ही तिच्याच घरात, रोज, कॉलम पाडून दाखवतोय. तरीही ओळ काढायची किंवा लपवायची हा पर्याय मला मंजूर नाही. पोच शाळेच्या पत्त्यावर आली आणि टीम लीडचं खातं गावच्या ब्रँचमध्ये राहिलं, या दोन्हींत मला तर तीस वर्षांत टेक्नॉलॉजी सोडून काही बदललेलं दिसत नाही.

खरा पेच मात्र पुढे आला, कंपनीच्या विमा पोर्टलवर. आयटीतल्या लोकांना माहीत असेल, बऱ्याच कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत आपले आईवडील किंवा सासू-सासरे, यांपैकी एकच जोडी घेता येते. चेकबॉक्स नाही, रेडिओ बटन! २०२२ साली आम्हाला मुलगी झाली, बायकोनं दीड वर्ष नोकरी सोडली आणि त्याच दिवशी तिच्या कंपनीच्या पॉलिसीतून सासू-सासरे बाहेर पडले. आताची तिची कंपनी लहान आहे, तिथे फक्त नवरा आणि मूल. तेव्हा माझ्यापुढे ते बटन आलं. बाबा बँकेतून रिटायर झालेले, पेन्शन आहे, बँकेची निवृत्तांसाठीची पॉलिसी आहे. आईचीही पेन्शन आहे. तिकडे सासऱ्यांना डायबेटिस आणि हातात काहीच नाही. बाहेर नवी पॉलिसी घ्यावी तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबा. आमच्या कंपनीच्या पॉलिसीत पहिल्या दिवसापासून सगळं कव्हर. मी सासू-सासऱ्यांवर क्लिक केलं.

घरात पंधरा दिवस तापलेलं होतं. बाबा गप्प. आई मात्र एक वाक्य बोलली, आणि ते मी इथे मुद्दाम लिहितोय, कारण त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. "आम्ही जन्मभर काटकसर केली, पेन्शन राखली, तुझ्यावर पडलो नाही. म्हणून आम्हाला कमी?"

माझं म्हणणं असं आहे की देणं गरजेवर ठरावं. चौघं म्हातारे आहेत, चौघांची एकच यादी करा, आणि जिथे खड्डा मोठा तिथे माती जास्त टाका. मुलाचे आईबाप, मुलीचे आईबाप हा कॉलमच ठेवू नका. समान रक्कम दोन्हीकडे, हा उपाय ऐकायला गोंडस आहे, पण ज्याला जेवण मिळालंय त्याला आणि उपाशी माणसाला एकेक पोळी वाढण्यासारखा आहे. पण गरजेनं द्यायचं ठरवलं की सांभाळून राहिलेल्या माणसाला कमी मिळतं, हे खरंच आहे. आईला पैसे नको होते, पहिला नंबर हवा होता. तो स्प्रेडशीटमध्ये कुठे टाकायचा हे मला सुचलेलं नाही. आम्ही एवढंच केलं की बाबांच्या पॉलिसीचा प्रीमियम, जो ते पेन्शनमधून भरायचे, तो आता आमच्या जॉइंट खात्यातून जातो. आणि जॉइंट खात्यात अर्धे पैसे सुनेचे असतात, हे मी आईला स्पष्ट सांगितलं. तिनं नुसतं "हं" केलं.

मागच्या महिन्यात ताईला हे सगळं फोनवर कळलं. म्हणाली, प्रीमियमचा अर्धा वाटा मी देणार, तेही माझे आईबाबा आहेत. आईनं तिथल्या तिथे नाही म्हणून टाकलं. मुलीकडून कसे घ्यायचे पैसे? तिच्या सासरचे काय म्हणतील?

संध्याकाळी बाबांनी ताईला अकाउंट नंबर पाठवला. आईला अजून सांगितलेलं नाही.