यंत्रविचार : गिअरपेटीची तार

माझा पुतण्या अमेरिकेंत नोकरीनिमित्त राहतो. त्यानें गेल्या वर्षीं एक जुनी जग्वार एक्सजे-सिक्स गाडी घेतली, तिचें थकलेलें इंजिन काढून शेव्हरोलेचें आठ सिलिंडरांचें इंजिन बसविलें, आणि मागें जनरल मोटर्सची ७००-आर-४ ही चार गतींची स्वयंचलित गिअरपेटी जोडली. १९८२ सालीं निघालेल्या ह्या पेटीच्या वरच्या गतीचें प्रमाण ०.७० असल्यामुळें लांब रस्त्यावर इंजिन सावकाश फिरतें. म्हणून असा पालट करणार्‍या हौशी लोकांना ती आवडते.

जोडणींत त्यानें कसूर केली नाहीं. इंजिन व पेटी ह्यांच्यामध्यें टॉर्क कन्व्हर्टर नांवाचें तेलानें भरलेलें गोल भांडें असतें. तें पेटींतील पंपांत पुरतें न बसतां बोल्ट आवळले, तर पंपच चिरडतो. पुतण्यानें तें फिरवीत फिरवीत आंत सरकविलें, आणि इंजिनाच्या चकतीशीं सुमारें १/८ इंच फट उरल्याची खात्री करूनच बोल्ट आवळले. तरीहि थोड्याच दिवसांत पेटींतलें तेल काळवंडलें व त्याला जळका वास येऊं लागला.

दोष एका तारेंत होता. घरांत पानें किती मांडावयाचीं ह्याची वर्दी स्वयंपाकघराला लागते, तशी इंजिनावर भार किती ह्याची वर्दी ह्या पेटीला लागते. कार्ब्युरेटरची झडप जितकी उघडेल तितकी ही तार ओढली जाते, त्या ओढीवरून तेलाचा दाब वाढतो, आणि दाबाच्या जोरावरच क्लचच्या चकत्या घट्ट धरतात. पुतण्याचा कार्ब्युरेटर निराळ्या बनावटीचा असल्यामुळें तार पुरी ओढली जात नव्हती. इंजिन जोर करी, पण दाब अपुरा. चकत्या घसरून जळल्या.

"गाडी आधीं चालवून तर पाहा, तारेचें मागाहून पाहूं," हा सल्ला मींच त्याला दिला होता. माझ्या त्या एका वाक्यापायीं त्याला सबंध पेटी उघडून नव्या चकत्या घालाव्या लागल्या.

म्हणून ज्यांच्या घरचीं मुलें अशा उद्योगांत असतील, त्यांनीं एवढें अवश्य कळवावें : इंजिन बंद असतांना कोणास तरी पायपट्टी पुरी दाबावयास सांगावें, आणि तारहि पुरी ओढली जाते कीं नाहीं तें स्वतः पाहावें. नंतर मापक लावून तेलाचा दाब तपासावा. तोंपर्यंत गाडी रस्त्यावर काढूं नये. मग सल्ला काकांचा कां असेना!