घरचा हिशेब : ब्रोकरकडे पडून राहिलेले पैसे

अम्मीच्या हजसाठी आम्ही काही शेअर विकले होते. दोन लाख चाळीस हजार रुपये ट्रेडिंग खात्यात आले. हजचा हप्ता भरायला तीन-चार आठवडे होते, म्हणून रक्कम तिथेच राहू दिली. हप्त्याच्या वेळी पाहतो तर नऊशेहून थोडे जास्त रुपये वाढलेले. धाकट्याला विचारले. "अब्बा, ॲपवर आलं होतं, रिकामे पैसे कामाला लावा म्हणून. मी बटन दाबलं. रोजचे चाळीसेक रुपये येत होते, बुरं काय त्यात?"

अम्मीला हे सांगायला आम्हाला दोन दिवस लागले.

आपल्याकडे ब्रोकर ग्राहकाच्या पडून असलेल्या रोख रकमेवर व्याज देत नाही. त्यामुळे शेअर विकून आलेली रक्कम नुसती खात्यात असेल तर ती जेवढीच्या तेवढीच राहते. अमेरिकेतले ब्रोकर मात्र अशी रोख बँकेत किंवा मनी मार्केट फंडात वळवून त्यावर व्याज देतात. तिथे राहणाऱ्या आपल्या मुलांनी खात्यातली ती सोय एकदा तपासावी.

मग आमचे पैसे वाढले कसे? ते लिक्विड फंडात गेले होते. हा फंड 91 दिवसांपर्यंत मुदतीची सरकारी ट्रेझरी बिले, बँकांची ठेव प्रमाणपत्रे आणि कंपन्यांची अल्पमुदतीची कर्जे घेतो. लिक्विड ईटीएफमध्ये तर बहुतेक पैसा सरकारी रोख्यांच्या तारणावर एका दिवसासाठी उसना दिला जातो. नाव लाभांश असो वा परतावा, मिळकत कर्जाच्या व्याजाचीच. शेअरमध्ये धंद्याचा नफा-तोटा आपण वाटून घेतो, तसे इथे काही नाही. धाकट्याची चूक आम्ही मोठी मानत नाही; ॲपवर व्याज हा शब्दच कुठे नव्हता.

दुसरी खोच बँकेत आहे. वापरात नसलेली रक्कम ब्रोकरला तुम्ही निवडाल त्याप्रमाणे दर महिन्याला किंवा तिमाहीला तुमच्या बँक खात्यात परत करावी लागते. ती जाते बचत खात्यात, आणि तिथे 2010 पासून रोजच्या शिलकीवर व्याज धरले जाते. आयपीओचा अर्ज केला तर अडवलेली रक्कमही तुमच्याच खात्यात असते आणि बचत खाते असल्यास त्यावरही व्याज चालू राहते. चालू खात्यावर व्याज नसते, पण तिथे किमान शिल्लक मोठी लागते. साध्या घराला ते झेपत नाही. आम्ही दर तिमाहीला पासबुकातली व्याजाची नोंद लाल पेनाने खुणावतो आणि तेवढी रक्कम बाजूला काढतो.

"पैसे नुसते पडून राहिले तर महागाई खाते," हे धाकट्याचे म्हणणे खरे आहे. म्हणून फार दिवस ते पडू देऊ नयेत. 2023 पासून शेअर विकल्याचे पैसे दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी मिळतात. गरज जवळ आली की विकावे. हप्त्याच्या महिनाभर आधी विकण्याची घाई आम्हीच केली होती. मात्र खरेदी केली आणि खात्यात रक्कम कमी पडली, तर ब्रोकर उलट आपल्याकडून व्याज घेतो. तेवढी रोख ठेवावीच.

आमच्या मुफ्तीसाहेबांनी सांगितले की मुद्दल आपलीच, ती हजला लावायला हरकत नाही. वरची रक्कम सवाबाची नियत न ठेवता गरजूला द्यावी. ती मशिदीच्या कामाला देऊ नये आणि जकातीतही धरू नये. मोहल्ल्यातल्या एका घराच्या औषधांच्या बिलात ते नऊशे रुपये गेले. अम्मीने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "पुऱ्या दिल्यास ना?"

आणि जकातीचे विसरू नका. वर्ष पूर्ण होताना तुम्ही साडेबावन्न तोळे चांदीच्या निसाबावर असाल, तर ट्रेडिंग खात्यातली रोखही अडीच टक्क्यांच्या हिशेबात येते, मग ती बँकेत परत आलेली असो वा नसो.